ट्रकला अस्तर

गुहागरहून निघताना माझ्या बॅगेत एकच स्वेटर होता आणि तोही भाच्याचा. आमच्याकडे समुद्राकाठी स्वेटर ही वस्तू कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून येते आणि डांबरगोळ्यांच्या संगतीत कपाटातच म्हातारी होते. सव्वीस वर्षं मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, पालखीचे पडदे, सगळं शिवून झालं. पण थंडीसाठी म्हणून काही शिवून द्या, असं गावात मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे कांताबाईंनी फोनवर "ताई, गरम कापडं आना बरं का, लई गारठा हाय" असं बजावलं तेव्हा मी मनातल्या मनात हसले. देशावरची माणसं जरा वाढवून बोलतात, असं मला वाटलं. हे वाटणं नगरच्या स्टँडवर उतरल्यावर दोन मिनिटांत संपलं.

कांताबाई साळवे तिसगावच्या. पाथर्डी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. पुण्याला बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे माझ्या कापडी पिशव्यांचा गाळा आणि त्यांचा गावरान अंड्यांचा गाळा शेजारी शेजारी आले. पाच दिवस आम्ही एकमेकींचे डबे खाल्ले. शेवटच्या दिवशी त्यांनी बोलावणं दिलं, "जानेवारीत या. हुरडा खाऊ घालते." हुरडा (ज्वारीची कोवळी कणसं विस्तवावर भाजून हातावर चोळून काढलेले दाणे) मी नुसता ऐकून होते. मी कुणाचं बोलावणं वाया घालवत नाही, ही माझी एकुलती एक शिस्त.

दुपारी चारची वेळ, डोक्यावर लख्ख ऊन, आणि तरी वारा असा की नाकाचा शेंडा माझा आहे की शेजारणीचा ते कळेना. कांताबाई धावत आल्या, हातातली बॅग काढून घेतली आणि म्हणाल्या, "ताई, रागावू नगा. हुरडा उद्या. आज माझ्या बहिनीकडं मुक्काम, आन पहाटं पिल्लं घ्यायची हाईत."

"कसली पिल्लं?"

"कोंबडीची. दोनशे."

स्टँडबाहेर त्यांचे यजमान दिलीपराव ट्रक घेऊन उभे होते. ट्रक जुना, पण लाडाकोडातला. काचेवर वरच्या बाजूला निळ्या अक्षरांत 'जय भीम', खाली दोन मुलींची नावं, आणि आरशाला रेशमी गोंडे. दिलीपराव उंच, किडकिडीत आणि कमी बोलणारे. मला चढायला त्यांनी हात दिला आणि एवढंच म्हणाले, "ताई, दार जोरात वडा. हळू वडलं तर लागत न्हाई." मी जोरात ओढलं. तरी फटीतून वारा येतच होता. शिवणाऱ्या बाईची नजर वाईट. तेव्हापासूनच मी त्या केबिनमधल्या फटी मोजायला लागले.

दिलीपराव त्या दिवशी पशुखाद्याची पोती घेऊन हिवरे बाजारच्या बाजूला आले होते. कांताबाईंची बहीण लताबाई तिकडच्याच एका खेड्यात राहते. शहर मागे पडलं तसे उघडेबोडके डोंगर दिसायला लागले, आणि हिवरे बाजार जवळ आलं तशी त्याच डोंगरांवर हिरवळ आणि झाडी दिसू लागली. उतारावर एकाखाली एक चर खणलेले होते. पाणी पळून जाऊ नये म्हणून माणसांनी डोंगराला अशा चुण्या घातलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते. आमच्याकडे पाऊस एवढा की त्याला कुठे घालवावा ही चिंता, आणि इथे एकेका थेंबाला थांब म्हणून विनवलेलं. मी खिडकीतून बघत राहिले आणि कांताबाईंनी पिल्लांची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या गटाने पहिल्यांदा एक दिवसाची पिल्लं आणली होती. गटात दहा जणी. आणायला कांताबाई गेल्या. भाड्याचा टेम्पो, मागच्या बाजूला खोकी, वरून ताडपत्री. ताडपत्री आहे म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं. तिसगावला पोचून खोकी उघडली तर दोनशेपैकी सत्तर जिवंत. उरलेली एकमेकांच्या अंगावर चढून, उबेसाठी दाटून, खाली चिरडून आणि गारठून गेलेली.

"आमच्या गटातल्या भागाबाईनं बैठकीत सगळ्यांम्होरं सांगितलं," कांताबाई समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "कांताच्या हाताला यश न्हाई म्हनून. कुनी काय बोललं न्हाई तिला. मी बी न्हाई. काय बोलनार?"

वर्षभर त्यांनी गटातल्या एकेकीला पुन्हा मनवलं. बाकीच्या नऊजणींनी शेवटी हो म्हटलं, ते एका अटीवर. या खेपेला पुन्हा तसंच झालं तर कोंबड्यांचा विषय कायमचा बंद आणि शेडमध्ये कडबा भरायचा. भागाबाईंनी तर कडब्याच्या पेंढ्या शेडच्या दाराशी आणूनही ठेवल्या होत्या. म्हणून या वेळी पिल्लं मागे नाही, पुढे केबिनमध्ये बसून जाणार होती. आणि केबिन आधीच तापलेली हवी होती. चालता चालता तापेल असं म्हणून भागणार नव्हतं.

"दुपारच्याला न्या की मग, उन्हात," मी शहाणपणा केला.

आता दिलीपराव बोलले. "उबवन केंद्रवाला पहाटंच देतो ताई. आन नऊ वाजता तिसगावात कांदा भरायचाय मला. ठरलेलं हाय."

लताबाईंच्या अंगणात ट्रक आला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. इथून पुढचा एक तास मी नुसती बघत बसले. थंडीच्या दिवसांत ट्रकला झोपवायची एक रीत असते, हे मला काय माहीत! दिलीपरावांनी आधी गाडी पुढे-मागे करून तिचं तोंड उगवतीला केलं आणि पुढची चाकं उताराला आणली. सकाळी सेल्फने चालू झाली नाही तर ढकलायला बरं. मग काचेवर बाहेरून वाकळ (जुन्या लुगड्यांची जाड गोधडी) टाकून दोरीने बांधली. मग पुढच्या जाळीवर बारदान (तागाचं पोतं) लटकवलं, म्हणजे वारा आत रेडिएटरला लागत नाही. शेवटी त्यांनी बॅटरी खोलली, दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि घरात नेऊन चुलीपासून हातभर अंतरावर ठेवली. लताबाईंनी लगेच तिच्यावर दोन गोधड्या घातल्या. रात्री माझ्या वाट्याला एकच आली. मी तक्रार केली तेव्हा लताबाई सहज म्हणाल्या, "तुमी काय ताई, हाका मारल्या की उठसाल. ती न्हाई उठत."

जेवायला शेंगोळे होते. हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या लसणीच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या, सोबत बाजरीची भाकरी. कपाळावर घाम आला तेव्हा कुठे नगर जिल्ह्यात आल्यापासून मला पहिल्यांदा माणसात आल्यासारखं वाटलं. मी तीन वेळा वाढून घेतलं. जेवता जेवता मी सुचवलं की केबिनमध्ये एक पेटती शेगडी ठेवली तर सगळा प्रश्नच मिटेल. दिलीपरावांनी घास हातातच ठेवला.

"आजिबात न्हाई. कोंडून मरत्याल. पिल्लं बी आन आपुन बी. बंद केबिनीत इस्तव न्हाई न्यायचा. झोपलेली मानसं उठली न्हाईत, आसं आमच्या लायनीत झालंय."

मग कांताबाईंनी त्यांची योजना सांगितली. चुलीत विटा तापवायच्या, लोखंडी घमेल्यात वाळू घालून तिच्यात त्या रोवायच्या, वर घट्ट पिळलेलं ओलं बारदान. अशी दोन घमेली पायाशी. कळशीत उकळतं पाणी, झाकण बांधून, सीटच्या मागे. एक खिडकी बोटभर उघडी, हवेसाठी. आणि आरशाच्या गोंड्याशेजारी उष्णतामापी. "पंचवीसच्या खाली जाऊ द्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. ट्रकला याआधी कधी ताप मोजायचं यंत्र लागलं असेल असं वाटत नाही.

जेवणं झाल्यावर मला स्वस्थ बसवेना. आपण पाहुण्या म्हणून आलो, या बाईचं वर्ष पणाला लागलंय, आणि आपण काय केलं तर शेंगोळे संपवले! मी लताबाईंकडून चिंध्या, सुतळी आणि दाभण मागून घेतलं आणि विजेरी घेऊन केबिनमध्ये शिरले. दाराच्या कडेला चिंध्यांची गोट केली. पेडलांच्या भोकांभोवती गोणपाटाचे तुकडे बसवले. काम झकास झालं. मग उतरून समोर गेले तर ते जाळीवरचं बारदान वाऱ्याने फडफडत होतं. मला फडफडणारी वस्तू सहन होत नाही. शिवाय कोणताही कोट अस्तराशिवाय उबदार होत नाही, हे मी गावातल्या पोरींना नेहमी शिकवते. मी जाळीच्या आतल्या अंगाने, खालच्या अर्ध्या भागात, आणखी एक बारदान सरकवलं आणि जाळीच्या सळयांना दाभणाने पक्कं शिवून टाकलं. टाके एकसारखे. बाहेरून काही दिसायचंसुद्धा नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. चांगलं अस्तर सांगावं लागत नाही, या ऐटीत मी जाऊन झोपले.

पहाटे चार वाजता कांताबाईंनी हलवलं तेव्हा मी पायमोज्यांच्या दोन जोड्या, भाच्याचा स्वेटर, वर लताबाईंच्या नवऱ्याची कानटोपी अशा वेषात होते. अंगणात आले तर गवतावर पांढुरकं दव, आणि तोंडातून निघणारी वाफ. आमच्याकडे तोंडातून वाफ निघाली तर डॉक्टरकडे नेतील. चुलीत विटा लाल झालेल्या होत्या. लताबाई चिमट्याने एकेक वीट उचलून देत होत्या आणि कांताबाई वाळूत रोवत होत्या. घमेली आत गेली, कळशी आत गेली, दारं बंद झाली. दिलीपरावांनी चुलीवरचं कोमट पाणी बादलीने नेऊन रेडिएटरमध्ये ओतलं, बॅटरीला तिच्या अंथरुणातून उठवून जागेवर बसवलं, आणि मग आम्ही चौघं शेकोटीशी उभे राहिलो. पाऊण तासाने कांताबाईंनी दार फटभर उघडून विजेरी मारली.

"एकोनतीस," त्या म्हणाल्या.

ट्रक दुसऱ्या झटक्याला सुरू झाला. दिलीपरावांनी काचेवरची वाकळ काढली, चालत्या इंजिनाला वारा लागायला हवा म्हणून जाळीवरचं बारदान ओढून घडी करून सीटखाली टाकलं, आणि निघालो. मी त्यांना ते बारदान काढताना पाहिलं आणि तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. आतल्या अस्तराची आठवणसुद्धा झाली नाही. थंडीत माझी बुद्धी गोठते, याखेरीज माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण नाही.

उबवण केंद्र तिथून पाच मिनिटांवर. तिथल्या माणसाने भोकं पाडलेली दोन खोकी आणून केबिनच्या दाराशी धरली, आत हात घालून बघितला आणि म्हणाला, "आयला, इथं तर माझ्या खोलीपरीस गरम हाय. मीच येतो बसून." खोकी आमच्या दोघींच्या मांडीवर आली. एकेका खोक्यात शंभर. भोकांतून पिवळ्या चोची दिसत होत्या आणि आतून सतत हळू कुजबुज चालली होती.

"हे ऐका," कांताबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "आसं हळू बोलली म्हंजी ऊब हाय. वरडाया लागली म्हंजी गारठली. आन गप झाली..."

नगर ओलांडून पाथर्डी रस्त्याला लागलो तेव्हा फटफटलं. उजेडात डावी-उजवीकडे कांद्याची शेतं, ज्वारीची ताटं, मध्येच मेंढरांचा कळप आणि घोंगडीत गुरफटलेला मेंढपाळ दिसत होता. टेकडीवरचा चांदबिबीचा महाल एकटाच उजळला होता. केबिनमध्ये सव्वीस. पिल्लं बोलत होती. मी तर स्वेटरची बटणंही काढली. दिलीपराव खुशीत येऊन म्हणाले, "ताई, तुमच्या चिंध्यांनी काम केलं बरं का. वारा येत न्हाई आज." माझी छाती फुगली. ती फार वेळ फुगलेली राहिली नाही.

करंजी घाट यायच्या आधी एक चढ लागतो. त्या चढावर दिलीपराव एकदम पुढे वाकले. काट्याकडे पाहिलं. मग नाक ओढलं. तेवढ्यात समोरच्या जाळीतून पांढरी वाफ भसाभसा वर आली आणि काच झाकून गेली. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि खाली उतरले. मी काचेतून त्यांना जाळीपाशी वाकताना पाहिलं, आणि त्याच क्षणी मला सगळं आठवलं.

"दिलीपराव," मी खिडकीतून ओरडले, "आत अजून एक आहे. मी शिवलंय. अस्तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून चाकू काढला आणि एकेक टाका कापायला सुरुवात केली. माझे टाके. पक्के. वेळ लागत होता.

अडचण अशी होती, की इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडता येत नाही, पाणी घालता येत नाही. आणि त्या ट्रकचं इंजिन केबिनच्या मधोमध, लोखंडी झाकणाखाली. ते लवकर गार करायचं तर आतलं झाकण उचलून दारं उघडायची, म्हणजे उघड्या माळावरचा तो वारा सरळ आत. झाकण उचलायला दिलीपराव आले तेव्हा कांताबाईंनी त्यावर हात ठेवला.

"न्हाई उघडायचं."

"आगं मग तासभर न्हाई व्हायचं गार."

"होऊ दे तासभर."

"कांदा..."

"कांदा मरत न्हाई," कांताबाई म्हणाल्या.

दिलीपरावांनी झाकणावरचा हात काढला. मग म्हणाले, "बरं. खोकी झाकनाच्या कडंला घ्या. वर न्हाई, भाजत्याल." आणि ते बाहेर जाऊन पुढची जाळीच खोलायला लागले, वाऱ्याला समोरून वाट करून द्यायला.

दहा मिनिटं ते झाकण गरम होतं, तोवर ठीक होतं. मग खोललेल्या जाळीतून येणाऱ्या वाऱ्याने पारा उतरायला लागला. चोवीस. बावीस. घमेल्यातल्या विटा हाताला कोमटसुद्धा लागेनात. आतली कुजबुज वाढली, चढली, आणि एका सुरातला टाहो सुरू झाला. दोनशे पिल्लं एकदम. कांताबाईंनी अंगावरची शाल काढून एका खोक्याला गुंडाळली. मग स्वेटर काढला, तो दुसऱ्याला. दोन्ही खोकी छातीशी ओढून त्या नुसत्या साडी-ब्लाउजवर वाकून बसल्या.

मला तिथे बसवेना. मी एका घमेल्यातल्या विटा बारदानात बांधल्या आणि खाली उतरले. शंभर पावलांवर पत्र्याचं चहाचं हॉटेल होतं, धूर निघत होता. मी पळत गेले. कानटोपी, दोन-दोन पायमोजे, पाठीवर विटांचं ओझं. भट्टीसमोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, बाकड्यावर तीन गिऱ्हाइकं.

"मामा, या विटा तुमच्या भट्टीत घालायच्या आहेत."

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "इटा?"

"हो. लवकर."

"च्या न्हाई पायजे?"

"आधी विटा. गाडीत दोनशे पिल्लं गारठलीयत. माझ्यामुळे."

मामांनी पातेलं उचलून खाली ठेवलं, निखारे उकरले आणि विटा आत सरकवल्या. बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "मामा, आमचा च्या?" मामा म्हणाले, "तुला काय पिसं फुटायचीत? थांब की." दहा मिनिटांनी तेच उठले, चुलीवरच्या गरम पाण्याचा डबा भरला, दोन माणसांना माझ्याबरोबर पिटाळलं, आणि फडक्यात गुंडाळलेल्या विटा घेऊन स्वतः मागोमाग आले.

आम्ही पोचलो तेव्हा टाहो थांबला होता. कांताबाई तशाच वाकलेल्या, कान खोक्याला. मी विटा वाळूत रोवल्या. गरम पाण्याचा डबा खोक्यांच्या मध्ये ठेवला. दारं ओढून घेतली. मामा बाहेरून काचेला नाक लावून उभे. आत एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मग कांताबाईंच्या हातातल्या खोक्यातून एक आवाज आला. बारीक. मग दुसरा. मग ते एकमेकांशी बोलायला लागले, हळू हळू, आधीसारखे.

कांताबाईंनी डोळे मिटले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

इंजिन गार झालं, पाणी घातलं, ट्रक सुरू झाला. मामांनी सगळ्यांना चहा पाजला. कांताबाईंनी मात्र खोकी सोडायची नाहीत म्हणून पेला हातात घेतला नाही. निघताना दिलीपरावांनी ते कापलेलं बारदान माझ्या हातात दिलं. "ताई, राग न्हाई. पन शिवन लई पक्की हाय तुमची." आणि ते हसले. त्या माणसाला एवढं मोठं हसू येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

घाट उतरून, करंजी मागे टाकून तिसगावात शिरलो तेव्हा सव्वानऊ वाजले होते. शेडच्या दारात नऊजणी उभ्या होत्या. कडब्याच्या पेंढ्याही होत्या. सर्वांत पुढे पदर कमरेला खोचून ज्या जाडजूड बाई होत्या, त्या भागाबाई हे मला कुणी सांगावं लागलं नाही. खोकी आत गेली. शेडमध्ये पिवळा दिवा लावून, भुसा पसरून जागा तयार ठेवली होती. भागाबाई खाली बसल्या आणि एकेक पिल्लू तळहातावर घेऊन, त्याची चोच पाण्यात बुडवून सोडायला लागल्या. मोजणी त्याच करत होत्या, मोठ्याने. शंभर झाली. दीडशे झाली. शेवटचं पिल्लू सोडून त्यांनी खोक्याच्या तळाला हात घातला आणि तीन बाहेर काढली, ती हलत नव्हती.

"एकशे सत्त्यान्नव," भागाबाई म्हणाल्या. मग थांबून कांताबाईंकडे बघत म्हणाल्या, "कांते, जगली गं."

कांताबाई काहीतरी बोलायला गेल्या आणि त्यांना बोलता येईना. आधी हनुवटी हलायला लागली. मग दात वाजायला लागले. मग त्या अशा थरथर कापायला लागल्या की उभं राहवेना, मटकन भुशातच बसल्या. "मला... लई... गार लागतंय," त्या म्हणाल्या आणि स्वतःच आश्चर्याने आमच्याकडे बघत राहिल्या. बायका हसायला लागल्या. कुणी शाल टाकली, कुणी गोधडी आणली, कुणी घोंगडी. भागाबाईंनी बशीत चहा ओतला आणि बशी त्यांच्या ओठाला लावून धरली, कारण कांताबाईंच्या हातात ती राहत नव्हती. दिलीपराव दारातून हे पाहत होते. कांदा भरायला अर्धा तास उशीर झाला होता आणि ते अजून तिथेच होते.

हुरडा दुसऱ्या दिवशी झाला. शेताच्या कडेला आगटी (गोवऱ्यांचा विस्तव केलेला खड्डा), तिच्यात खुपसलेली कणसं, लसणाची चटणी, गूळ, आणि कणसं चोळून द्यायला खुद्द भागाबाई. किती खाल्ला ते मी लिहीत नाही. ही माहिती घरी पोचली तर पुढच्या वेळी कुणी एकटीला सोडणार नाही. पुढच्या दोन दिवसांत मी गटाच्या सांगण्यावरून ट्रकच्या जाळीला एक नवं बारदान शिवून दिलं. एकच, बाहेरून, लाल बंद लावलेलं, लांबूनही दिसेल असं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. नगर गेलं, पुणे गेलं, कुंभार्ली घाट उतरला तशी हवा ओलसर झाली आणि मी स्वेटर काढून मांडीवर ठेवला. शेजारच्या बाईने विचारलं, "थंडी फार होती का हो तिकडे?" मी हो म्हटलं आणि त्या माळावरचा तो पाऊण तास डोळ्यांपुढे आला. मी त्या वेळी सबंध देहाने कुडकुडत होते, मामा मफलर आवळत होते, दिलीपराव हात चोळत होते. आणि अंगावर नुसत्या साडीनिशी बसलेल्या त्या बाईच्या तोंडून गार लागतंय हा शब्द निघाला नव्हता. आपल्याला थंडी वाजते आहे हे कळायलाही माणसाला सवड मिळावी लागते. कांताबाईंना ती साडेनऊ वाजता मिळाली, आणि तेव्हा त्यांच्याभोवती नऊजणी होत्या.